लातूरचे प्राचार्य आणि काळ्या अमेरिकेची पुस्तकं

लातूर पॅटर्न म्हटलं की आठवतात त्या खच्चून भरलेल्या शिकवण्या, नीटचे गुण आणि भाड्याच्या एका खोलीत आईला घेऊन राहणारं खेड्यातलं पोर. ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयात हा पॅटर्न रुजला, त्याचे पहिले प्राचार्य मात्र इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय होता अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं साहित्य. नगराध्यक्ष, कुलगुरू, 2008 ते 2014 या काळातले राज्यसभेचे खासदार म्हणून डॉ. जनार्दन वाघमारे सगळ्यांना ठाऊक असतात. माझ्या मते त्यांच्या कामाचं सूत्र सापडतं ते त्या पुस्तकांत.

‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा त्यांचा ग्रंथ. रिचर्ड राइट हा या साहित्यातला मोठा कादंबरीकार. तरुणपणी मेम्फिस शहरात असताना त्याला तिथल्या ग्रंथालयातून पुस्तक मिळत नसे, कारण ग्रंथालय गोऱ्यांचं. मग त्यानं सोबत काम करणाऱ्या एका गोऱ्याचं कार्ड मागून घेतलं, त्याच्या नावानं स्वतःच चिठ्ठी लिहिली आणि आपण फक्त निरोप्या आहोत असं भासवून पुस्तकं नेली. मराठवाड्यातल्या वाचकाला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. पाणवठा आणि ग्रंथालय, दोन्हींचे दरवाजे कसे बंद होतात हे इथं अनेकांनी घरीच ऐकलेलं असतं.

हा धागा लातूरच्याही आधीचा. 1946 साली बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. 1950 मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेनं औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद. तिथं अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे प्राचार्य झाले आणि त्यांच्या आसपास दलित लेखकांची पिढी बोलती झाली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव तर सरळ अमेरिकेतूनच आलेलं.

लातूरचं महाविद्यालय 1970 चं, शिव छत्रपती शिक्षण संस्थेचं. नाव शाहू महाराजांचं, ज्यांनी 1902 मध्ये करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या आणि जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. अशा नावाच्या महाविद्यालयात काळ्यांचं साहित्य शिकलेला प्राचार्य यावा, हा योग माझ्या नजरेत मोठा आहे.

निजामी राजवटीतून बाहेर पडलेल्या मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला 1958 उजाडलं. तोवर उच्च शिक्षणासाठी अनेक मुलांना हैदराबाद किंवा पुणे-मुंबई गाठावं लागे. गावाकडचा मुलगा हुशार नसतो, हा समज त्यामुळे आपोआप पक्का झाला. लातूर पॅटर्ननं त्यावर दिलेलं उत्तर फार साधं होतं: जादा तास घ्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, सराव परीक्षा पुन्हा पुन्हा घ्या आणि तपासलेला पेपर मुलाच्या हातात देऊन कुठं चुकलं ते दाखवा. प्रतिभा गावाकडेही असते, हे गुणवत्ता याद्यांनी मग वर्षानुवर्षं सांगितलं. यात घोकंपट्टी होती, हा आक्षेप खरा आहे. पण तो बहुधा ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं, अशांकडूनच आला.

1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारलं गेलं. नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू वाघमारे. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला लातूर-देगलूरच्या मुलानं एसटीनं औरंगाबादला जायचं, खिडकीवर ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकायचं आणि मुक्काम करायचा, ही वेळ आता गेली. विद्यापीठ जवळ येणं म्हणजे भाषणापेक्षा हे जास्त.

पॅटर्न मात्र बदलला. आधी ज्या जादा तासांचा भार महाविद्यालय उचलायचं, तो धंदा आता रस्त्याच्या दुतर्फा फलक लावून बसला आहे. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष सरताना येतात, शिकवणीची फी जूनमध्येच भरावी लागते. खोलीभाडं, मेस आणि शिकवणी यांचा मेळ ज्याच्या बापाला घालता येत नाही, तो पोरगा लातूरला येतच नाही. मग त्याची तक्रार कुठल्या प्राचार्यांच्या टेबलापर्यंत जाणार?