‘गाणे’ आणि ‘दाणे’ यांच्यामधले अंतर

पहिलीच्या वर्गातील एक मूल ‘गाणे’ मागते आणि त्याच्या तोंडून ‘दाणे’ असा शब्द येतो. हिंदीभाषक मूल ‘काला’ म्हणू पाहते, ऐकू येते ‘ताला’. कन्नड मुलाच्या तोंडी ‘कले’, म्हणजे डाग, हा शब्द ‘तले’, म्हणजे डोके, होतो. भाषा तीन, चूक एकच: जिभेच्या मागच्या भागाने करावयाचा उच्चार जिभेच्या टोकाने, दातांपाशी होतो. दोन-तीन वर्षांच्या वयात हे स्वाभाविक असते आणि कौतुकाचेही. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र त्याच बोलांवर वर्गात हशा पिकतो. मूल हात वर करणे सोडते आणि ‘अबोल’ असा शेरा घेऊन पुढच्या इयत्तेत जाते.

उच्चाराचा इतका बारकाईने विचार केलेली परंपरा जगात क्वचितच आढळेल. ‘शिक्षा’ म्हणजे उच्चारशास्त्र, हे सहा वेदांगांपैकी एक. आपली वर्णमाला तर कंठापासून ओठांपर्यंतचा नकाशाच आहे. आधुनिक काळातही आपण मागे नव्हतो. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ मध्ये उभी राहिली. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये. पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. उणीव आहे ती या संस्थांपासून गावातील वर्गखोलीपर्यंतच्या वाटेची.

ती वाट बांधण्याचा एक गंभीर प्रयत्न म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याच्या तपासणीच्या यादीत भाषाविकासातील विलंबाचा स्पष्ट उल्लेख आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाने यावे, गरजू मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही रचना. सेवेत असताना अशा आढावा बैठकांचे अध्यक्षपद मीही भूषविले आहे. तक्त्यात ‘तपासले’ आणि ‘पाठवले’ हे रकाने भरलेले असत. ‘पुढे काय झाले’ असा रकानाच नसे. त्या तक्त्यांवर मी समाधानाने सह्या केल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलाला दर आठवड्याला नेणे म्हणजे आईची एका दिवसाची मजुरी बुडणे, हा हिशेब त्या कागदावर कोठेच नव्हता.

कायद्याचीही येथे अडचण होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि त्यांत ‘वाचा व भाषा’ यांचा समावेश केला, हे स्वागतार्हच होते. परंतु तेथील व्याख्या कायमस्वरूपी दोषाची आहे. स्वरयंत्र काढून टाकावे लागणे किंवा मेंदूच्या इजेमुळे वाचा जाणे ही तिची उदाहरणे. ‘गाणे’ला ‘दाणे’ म्हणणारे मूल या व्याख्येत बसत नाही, आणि बसूही नये, कारण त्याची अडचण बहुधा दूर होण्यासारखी असते. जे बरे होऊ शकते तेच नेमके प्रमाणपत्राच्या चौकटीबाहेर राहते.

या मुलाला लागणारी साधने मात्र महाग नाहीत. सर्वप्रथम श्रवणचाचणी व्हावी. कानात पाणी साचून ऐकू कमी येणारी मुले ‘लक्ष न देणारी’ ठरतात. त्यानंतर एक आरसा आणि चित्रांच्या जोड्या. टेबलावर गाणाऱ्या बाईचे व शेंगदाण्यांचे अशी दोन चित्रे ठेवावीत आणि मूल जे म्हणेल तेच त्याच्या हाती द्यावे. हवे असलेले चित्र मिळत नाही, तेव्हा एका ध्वनीने अर्थ बदलतो हे त्याला न रागावता उमगते. जिभेचे टोक खाली राहिले की नाही, हे आरसा दाखवतो. मग सुटा ध्वनी, अक्षर, शब्द, वाक्य, शेवटी गप्पा, अशी ही चढण. शब्दांची उणीव असलेल्या मुलासाठी पिशवीत पेला, भोवरा, चिंच अशा वस्तू घालून चाचपून ओळखण्याचा खेळ असतो. मूल ‘गाडी’ म्हणाले की शिक्षिकेने ‘हो, लाल गाडी निघाली’ असे वाक्य पुरे करावे, आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. अडखळणाऱ्या मुलाचे वाक्य मात्र आपण पुरे करू नये. मेणबत्ती फुंकण्याचे, जीभ फिरवण्याचे व्यायाम लोकप्रिय आहेत. परंतु ध्वनी हा ध्वनी उच्चारूनच सुधारतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. घरी गोंडी किंवा संथाळी बोलणारे मूल वर्गात गप्प असेल, तर तो दोष मुलाचा नसून शाळेच्या भाषेचा असू शकतो. दोन भाषा कानी पडल्याने वाचादोष होत नाही. म्हणून तपासणी मुलाच्या घरच्या भाषेतही झाली पाहिजे. अन्यथा उपचाराच्या नावाखाली आपण एक भाषाच पुसून टाकू.

शिक्षकांना वाचोपचारतज्ज्ञ करावे, असा माझा आग्रह नाही. त्यांच्या खांद्यावर आधीच पुष्कळ ओझी आहेत. तज्ज्ञाने ठरावीक दिवशी गटसाधन केंद्रात यावे, मुलागणिक दोन-तीन खेळ नेमून द्यावेत, आणि शिक्षकाने व पालकाने ते रोज दहा मिनिटे घ्यावेत, एवढेच. २०२३ मध्ये आलेल्या ‘जादुई पिटारा’ या खेळ-संचात बाहुल्या, कोडी, चित्रपत्रे आहेतच. ते पेटीबाहेर येऊन या कामास लागावेत. निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावे, असे ध्येय ठेवले आहे. पण जे मूल ‘ग’ आणि ‘द’ बोलताना वेगळे करू शकत नाही, ते लिहिताना तरी कसे करील?

आणि तक्त्यात एक रकाना वाढवावा: ‘मूल आता वर्गात बोलते काय?’ त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आढावा घेणाऱ्याने तो प्रश्न विचारावा लागतो. मी तो विचारला नव्हता.