इंजिन-बदल की टर्बोचार्जर : खर्चाचा तौलनिक विचार

मोटारीची शक्ती वाढविण्यासाठी टर्बोचार्जर बसवावा की मोठे इंजिन, हा प्रश्न केवळ सुट्या भागांच्या किमतीचा नाही. अमेरिकेत १९८९ पासून विकल्या गेलेल्या माझदा मियाटाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तिच्या १.६ लिटर इंजिनाची शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती होती. टर्बोचार्जर निष्कास वायूंच्या ऊर्जेने अधिक हवा सिलिंडरमध्ये भरतो. मूळ इंजिन कायम राहिल्याने खर्च आटोक्यात राहतो. तथापि, ९.४:१ या संपीडन गुणोत्तरामुळे हवेचा दाब फार वाढविल्यास नॉकिंग होते. मग पिस्टन व कनेक्टिंग रॉडही बदलावे लागतात. याउलट, १९९७ च्या कॉर्व्हेटमधील ५.७ लिटर एलएस-१ इंजिन मुळातच सुमारे ३४५ अश्वशक्ती देते. मात्र त्याबरोबर गिअरबॉक्स, डिफरन्शियल, रेडिएटर व वायरिंग बदलणे अपरिहार्य ठरते. सारांश, माफक वाढीसाठी टर्बोचार्जर, तर तिप्पट शक्तीसाठी इंजिन-बदल अधिक समर्थनीय होय.