अनुदान म्हणजे कर्जमाफी नव्हे

"दहा लाखांचं कर्ज काढ, साडेतीन लाख तर माफच होतात." चिखली तालुक्यातल्या उंद्रीत काय किंवा खामगावात काय, धंद्याचा विषय निघाला की कामाच्या शोधातल्या पोराला हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण माहिती साफ चुकीची असते आणि तिची किंमत त्या पोराला मोजावी लागते. २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफीनंतर 'सरकारी कर्ज' म्हटलं की 'माफी' हा शब्द आपोआप जोडला जातो. ती माफी शेतीकर्जाची होती. उद्योगाच्या कर्जाशी तिचा काडीचाही संबंध नाही.

२००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचंच उदाहरण घ्या. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग यांना ३५ टक्के. समजा, तुरीच्या या पट्ट्यात एखाद्या तरुणीला मिनी डाळमिल टाकायची आहे. तशी मिल अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसितही केली आहे. शेड, यंत्र, मोटर, कच्चा माल धरून खर्च १० लाख. त्यातले ५ टक्के, म्हणजे ५० हजार तिचे स्वतःचे. उरलेले साडेनऊ लाख बँक कर्ज म्हणून देते. अनुदानाचे साडेतीन लाख तिच्या हातात पडतच नाहीत. बँक ते तिच्या नावे बिनव्याजी मुदत ठेवीत टाकते आणि तीन वर्षं त्यांना हात लावता येत नाही. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, हा खरा फायदा, आणि तो लहान नाही. तीन वर्षांनी, मिल प्रत्यक्ष चालू असल्याची जागेवर तपासणी झाल्यावरच, ती रक्कम कर्जात वळती होते. युनिट उभंच राहिलं नसेल किंवा पैसे दुसरीकडे वळवले असतील, तर अनुदान परत जातं, साडेनऊ लाखांचं ओझं तसंच राहतं आणि सिबिल बिघडतं ते वेगळंच.

यावर कुणी म्हणेल, प्रामाणिकपणे चालवलेला धंदाही बुडतो, मग काय? रास्त प्रश्न आहे. उद्योजकाच्या हाताबाहेरच्या कारणाने कर्ज थकलं, तर ठेवीतली रक्कम कर्जफेडीला लावण्याची तरतूद नियमांतच आहे. दुसरा आक्षेप असा, की बँका दारातच उभं करत नाहीत. यातही तथ्य आहे. कर्ज द्यायचं की नाही हे बँकच ठरवते, म्हणूनच माल कुणाला विकणार याचं उत्तर अर्जाआधी तयार हवं. मात्र १० लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारण मागितलं तर नियमावर बोट ठेवून विचारा.

पण ही पोरं कर्जाकडे वळतात तरी का? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. पदवीच्या जोरावर नोकरी मिळेल ही आशा मावळली, की 'माफी'चं आमिष गोड लागतं. योजनेतलं उद्योजकता प्रशिक्षण मग केवळ दाखल्यापुरतं उरतं. खरं तर खेळतं भांडवल आणि उधारीचा हिशेब शिकायची संधी अनेकांना तिथेच पहिल्यांदा मिळते.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. पदवी लागते? नाही, १० लाखांवरच्या उत्पादन आणि ५ लाखांवरच्या सेवा प्रकल्पाला आठवी पास पुरते. जुना धंदा वाढवायला पहिल्यांदाच हे कर्ज मिळतं? नाही, युनिट नवीनच लागतं. आणि 'फाईल पास करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला पैसे द्यावे लागतात, हा तर सर्वांत संतापजनक समज. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला एक रुपयाही शुल्क नाही. अडलं तर बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा.