विश्लेषण : बीएड, डीएलएड झाल्यावर लगेच शिक्षक का होता येत नाही?

डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला बार कौन्सिलची सनद. शिक्षकासाठी मात्र आपल्याकडे असा एकच परवाना नाही. महाराष्ट्रात सरकारी किंवा अनुदानित शाळेत रुजू होण्यापूर्वी अभ्यासक्रम, टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल असे टप्पे पार करावे लागतात. कोणता टप्पा कशासाठी, हे प्रवेश घेतानाच समजले नाही, तर उमेदवाराची वर्षे वाया जातात.

कोणत्या वर्गासाठी कोणता अभ्यासक्रम?

पहिली ते पाचवीसाठी प्रामुख्याने बारावीनंतरचा दोन वर्षांचा डीएलएड, म्हणजे पूर्वीचे डीएड, लागतो. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डीएलएड किंवा बीएड चालते. नववी-दहावीसाठी संबंधित विषयाची पदवी आणि बीएड आवश्यक आहे. बीएड ‘मोठे’ म्हणून ते प्राथमिकलाही चालेल, असा अनेकांचा समज असतो. मात्र, सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी प्राथमिक वर्गांसाठी बीएड ही पात्रता ग्राह्य नसल्याचे स्पष्ट केले. लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण वेगळे असते, हा त्यामागचा मुख्य मुद्दा.

टीईटी कशी असते?

शिक्षण हक्क कायद्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता ठरवली. त्यात टीईटी अनिवार्य झाली. राज्यात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, तर सहावी ते आठवीसाठी पेपर दोन असतो. प्रत्येकी १५० गुण आणि अडीच तास. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या गटाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. मागास प्रवर्गांना सवलत आहे. प्रमाणपत्राची पूर्वीची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये रद्द होऊन ते आजीवन ग्राह्य झाले. केंद्राची सीटीईटीही राज्यात चालते.

टीईटी उत्तीर्ण म्हणजे नोकरी पक्की?

नाही. टीईटी केवळ पात्रता ठरवते. भरतीची गुणवत्ता ठरते ती अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या (टेट) २०० गुणांवर. नावे सारखी वाटली तरी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये. म्हणजे मधल्या काळात टीईटीचे प्रमाणपत्र हातात असूनही नव्या उमेदवारांना या दारातून आत जाता आले नाही.

पुढे काय?

टेटचे गुण मिळाल्यावर पवित्र पोर्टलवर माहिती प्रमाणित करून शाळांचे पसंतीक्रम भरावे लागतात. खासगी अनुदानित संस्थांना मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असे दोन पर्याय असतात. निवड झाल्यावरही सुरुवातीची तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून काढावी लागतात. या काळातील मानधन २०२३ पासून प्राथमिकसाठी सहा हजारांवरून १६ हजार रुपये, तर माध्यमिकसाठी आठ हजारांवरून १८ हजार रुपये करण्यात आले.

सेवेतील शिक्षकांचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा अधिक उरली आहे, त्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, मात्र टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला.

विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

आधी वर्ग ठरवावा, मग अभ्यासक्रम निवडावा. अभ्यासक्रम सुरू असतानाही टीईटी देता येते. त्यामुळे निकालाची वाट पाहत परीक्षा हुकवू नये. टेट दरवर्षी होईलच असे नाही, म्हणून ती जाहीर होईल तेव्हा टीईटीचे प्रमाणपत्र हाताशी असलेले बरे.