साखर उतरली, पण कशामुळे?

मधुमेह सांभाळून देणारे कार्यक्रम हल्ली पुष्कळ निघाले आहेत. कुणी ॲपवर जेवणाचे फोटो मागवतं, कुणी आहारतज्ज्ञाचे फोन लावून देतं. पुरावा मात्र बहुतेकांचा एकाच साच्याचा: आधीची एचबीएवनसी इतकी, सहा महिन्यांनंतरची इतकी. आकडे खरे असतीलही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो.

माणूस अशा कार्यक्रमाला नाव नोंदवतो केव्हा? रिपोर्ट बिघडला, डॉक्टर रागावले, घरच्यांनी धोशा लावला की. एचबीएवनसी हा साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब, आणि लग्नसराई, आजारपण, चुकलेल्या गोळ्या यांनी तो वरखाली होतच असतो. तो सर्वांत वाईट असताना मोजणी सुरू केली, तर पुढचा रिपोर्ट काहीही न करता थोडा बरा येण्याचीच शक्यता जास्त. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून सरासरीकडची ही ओढ दाखवून दिली होती. त्यात घाबरलेला माणूस आपणहून गोळ्या वेळेवर घेऊ लागतो. मधेच सोडून गेलेल्यांचे रिपोर्ट तर मोजायला उरतच नाहीत.

म्हणून तशाच रुग्णांचा, पण कार्यक्रमाबाहेरचा दुसरा गट हवा. आणि कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायला हवं.

अमेरिकेने ही कसोटी प्रचंड प्रमाणावर लावून पाहिली. तिथल्या ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेने २००५ मध्ये आठ खासगी कंपन्यांना काम दिलं. मधुमेह किंवा हार्ट फेल्युअर असलेल्यांना परिचारिकांनी फोन करायचे, औषधं-पथ्याची आठवण करून द्यायची; त्यातून रुग्णालयाचा खर्च वाचेल, असा होरा होता. दोन्ही गट मिळून २,४२,४१७ रुग्ण होते. मोजणीची खरी शिस्त पुढे होती: ज्यांनी सेवा नाकारली, तेही कंपनीच्याच खात्यात धरले गेले. उत्साही तेवढे निवडून दाखवायची सोय उरली नाही.

निकाल २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तपासण्या वेळेवर होण्यासारख्या निकषांच्या ४० तुलनांपैकी १४ मध्ये सुधारणा दिसली. रुग्णालयात भरती होणं काही कमी झालं नाही. कंपन्यांचं शुल्क दरमहा माणशी ७४ ते १५९ डॉलर होतं, आणि तेही बचतीतून भरून निघालं नाही.

मग हे सगळं थोतांडच का? तसंही नाही. भारत-पाकिस्तानातल्या १० मधुमेह दवाखान्यांत १,१४६ रुग्णांवर ‘कार्स’ चाचणी झाली. तिथे दवाखान्यातच रुग्णांचा पाठपुरावा करणारा समन्वयक नेमला आणि डॉक्टरांना उपचार सुचवणारी संगणकीय नोंदवही दिली. सुमारे अडीच वर्षांनी साखर आणि तिच्या जोडीने रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात असलेले रुग्ण या गटात १८.२ टक्के निघाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ८.१ टक्के. माझ्या मते फरक पडला तो औषध बदलू शकणारा डॉक्टर त्या साखळीत असल्यामुळे. दूरच्या फोनवाल्याच्या हाती तो अधिकार नव्हता. तरी पाचातल्या चौघांहून अधिक रुग्ण लक्ष्यापासून दूरच राहिले, हेही नोंदवायला हवं.

तेव्हा वार्षिक पॅकेजचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: मधेच सोडून गेलेले किती, आणि कार्यक्रमात नसलेल्या तशाच रुग्णांची साखर त्या काळात किती उतरली? उत्तर मिळालं नाही, तर ते पैसे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडच्या तपासण्यांसाठी ठेवा.