मीटिंग रूमचं डबल बुकिंग: कॅलेंडरमध्ये नोंद असूनही रूम का मिळत नाही?

मुलाखतीला आलेला उमेदवार बाहेर बसलाय, तुम्ही ३ वाजता मीटिंग रूमचं दार उघडता आणि आत दुसरीच टीम लॅपटॉप उघडून बसलेली. तुम्ही मोबाईल दाखवता, कॅलेंडरमध्ये तुमची नोंद आहे. ते त्यांचा मोबाईल दाखवतात, नोंद त्यांचीही आहे! खोटं कोणीच बोलत नाही. पण त्या उमेदवाराची मुलाखत शेवटी पॅन्ट्रीत, चहाच्या मशीनशेजारी होते.

मी पाहिलंय त्याप्रमाणे बहुतेक वेळा गडबड एकाच जागी असते. इव्हेंट बनवताना आपण लोकेशनच्या रकान्यात 'छोटी मीटिंग रूम' असं टाइप करतो आणि सेव्ह करतो. कॅलेंडरसाठी तो नुसता मजकूर आहे. तिथे 'गच्ची' लिहिलं तरी ते सेव्ह होईल. रूमला कोणी विचारलेलंच नाही.

आता रूमला विचारायचं म्हणजे काय? गूगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिनला प्रत्येक रूम 'रिसोर्स' म्हणून नोंदवता येते. मायक्रोसॉफ्टकडे यालाच 'रूम मेलबॉक्स' म्हणतात. दोन्हीकडे रूमला स्वतःचं कॅलेंडर मिळतं. मग सहकाऱ्यांना बोलावतो तसंच इव्हेंटमध्ये रूमलाही बोलवायचं. नाव टाइप नाही करायचं, यादीतून निवडायचं. ती वेळ मोकळी असेल तर रूम आपोआप होकार देते, नसेल तर नकार. दोघांनी एकाच वेळी बुक केलं तरी ज्याचं निमंत्रण आधी पोचलं त्यालाच रूम मिळते.

इथे एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. रूमने नकार दिला तरी इव्हेंट तुमच्या कॅलेंडरवर तसाच दिसत राहतो. म्हणून थोड्या वेळाने तो परत उघडा आणि रूमच्या नावापुढे होकार आलाय का ते बघा. लोकलमध्ये नेट नसताना बुक केलं असेल तर नक्कीच बघा, कारण नेट येईपर्यंत ते बुकिंग फक्त तुमच्या फोनमध्येच असतं.

दर सोमवारच्या मीटिंगचं प्रकरण जरा वेगळं. मायक्रोसॉफ्टच्या रूमची मूळ सेटिंग अशी असते की मालिकेतला एक जरी दिवस भिडला तरी पूर्ण मालिका नाकारली जाते. शिवाय १८० दिवसांपुढचं बुकिंग ती घेत नाही. त्यामुळे 'कायमची' मीटिंग लावण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांची लावलेली बरी.

रिसोर्स बनवूनही डबल बुकिंग होत असेल तर परवानग्या तपासा. रूमच्या कॅलेंडरमध्ये बदल करायची परवानगी सगळ्यांना दिली असेल, तर कोणीही थेट तिथे नोंद करू शकतो. थेट नोंद म्हणजे निमंत्रण नाही, मग रूम नकार देणार कशाला? ही परवानगी एक-दोन जणांकडेच ठेवा.

छोट्या ऑफिसात वर्कस्पेस नसतं, साध्या जीमेलवर एक कॅलेंडर सगळ्यांना शेअर केलेलं असतं. ते भिडणाऱ्या दोन नोंदी शेजारी-शेजारी दाखवतं, पण अडवत मात्र नाही. मला यावर सोपा वाटलेला उपाय असा: रूमसाठी वेगळं जीमेल खातं काढा आणि त्यात कॉम्प्युटरवरून 'अपॉइंटमेंट शेड्यूल' बनवा. मोफत खात्यातही एक बुकिंग पेज मिळतं. त्याची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करा. एकाने वेळ घेतली की ती पुढच्याला दिसतच नाही. तोटा एवढाच की सगळे स्लॉट एकाच मापाचे असतात, अर्ध्या तासाचे किंवा तासाचे.

३ ते ४ आणि ४ ते ५ ही बुकिंग्ज कॅलेंडरच्या हिशेबात भिडत नाहीत. पण ४ वाजता कोण उठतं? गूगल कॅलेंडरच्या वेब सेटिंगमध्ये 'स्पीडी मीटिंग्ज' सुरू केलं तर तासाची मीटिंग आपोआप ५० मिनिटांची लागते, अर्ध्या तासाची २५ मिनिटांची.

आणि मीटिंग रद्द झाली तर इव्हेंट डिलीट करा. ग्रुपवर 'आजची कॅन्सल' लिहिल्याने रूमला काही कळत नाही, ती तुमच्यासाठी अडूनच राहते.