पूर ओसरल्यावरचें भय

आषाढ लागला कीं कोल्हापुरांतील पुष्कळ घरांतून सकाळचा पहिला प्रश्न असतो तो हा: "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?" पंचगंगेची इशाऱ्याची पातळी ३९ फूट व धोक्याची ४३ फूट, हे आंकडे येथें मुलांनाहि पाठ असतात. सन २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत हीच नदी ५५ फुटांपलीकडे चढली. प्रयाग चिखली, आंबेवाडी येथील लोकांना घरेंदारें सोडावीं लागलीं. तें पाणी ओसरलें. परंतु कित्येकांच्या मनांतलें ओसरलें नाहीं. छपरावर पावसाचा आवाज वाढला कीं झोप उडते, छाती धडधडूं लागते.

असें भय वाटणें हा भित्रेपणा नव्हे. जीविताच्या आसक्तीला व मरणाच्या भयाला पतंजलींनीं 'अभिनिवेश' हें नांव दिलें असून, तो विद्वानांनाहि सुटलेला नाहीं, असें सांगितलें आहे. शिवाय चित्त विक्षिप्त झालें असतां दुःख व खिन्नता यांच्या जोडीनें अंगाचा कंप आणि श्वासाची अनियमितता हींहि येतात, असें त्यांचें निरीक्षण आहे. म्हणजे भय मनांत उपजलें तरी बिऱ्हाड शरीरांत करतें. हृदयाला 'हळू चाल' असें सांगतां येत नाहीं, श्वासाला येतें. श्वास सोडतांना हृदयाची गति स्वभावतःच किंचित् मंदावते. म्हणून तो सावकाश सोडल्यास धडधड शमूं लागते. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून अशा क्रियांना शास्त्रीय कसोटी लावण्याचें कार्य चालविलें.

कृति सोपी आहे. सकाळीं रिकाम्या पोटीं ताठ बसावें. मनांत चार अंक मोजीत नाकानें श्वास घ्यावा व सहा अंक मोजीत सोडावा. घुसमट होऊं देऊं नये. पांच मिनिटें हें झाल्यावर थोडा वेळ शवासन करावें. श्वास कोंडण्याचा प्रयोग मात्र शिक्षकावांचून नको. हृद्रोगी, रक्तदाबाचे रोगी व गर्भवती यांनीं तर तो टाळावाच.

आपल्या घरांतून मुंजींत मुलाला प्राणायाम शिकवितात. पुढें संध्येंत तो नाकाला बोटें लावण्यापुरता उरतो. घरांतील स्त्रियांना तर तो बहुधा शिकविलाच गेला नाहीं. वस्तुतः पुराच्या रात्रीं मुलांना व वृद्धांना धीर देण्याचें काम त्यांच्याच वांट्यास येतें!

एक गोष्ट मात्र विसरूं नये. प्राणायामानें नदीचें पाणी उतरत नाहीं. पाणी इशाऱ्याच्या पातळीस पोंचलें कीं कागदपत्रें व औषधें बांधून ठेवावीं, आणि सूचना येतांच घर सोडावें. खरें संकट व मनानें वाढविलेलें संकट यांतील भेद ओळखण्याइतकें चित्त स्थिर ठेवणें, एवढेंच योगाचें येथें काम. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, अन्न गोड लागत नसेल, तर मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाहीं. २१ जूनचा योगदिन नेमका पावसाच्या तोंडावर येतो. त्या दिवशीं घरांतील सर्वांनीं मिळून आरंभ करावा. म्हणजे श्रावणांत पाणी चढलेंच, तर गांठोडें बांधणारे हात तरी कांपणार नाहींत.